सात वर्षं, दोन शिलिंग आणि एक शपथ: वसाहतकाळातल्या अमेरिकेत परक्याचा प्रजाजन कसा होई

प्रश्न असा आहे: "अमेरिका ब्रिटिशांची वसाहत होती तेव्हा व्हिसा नव्हता, पासपोर्टची तपासणी नव्हती. मग जर्मनी, फ्रान्स, हॉलंडमधून जे लोक तिथे उतरले त्यांना नागरिकत्व आपोआप मिळायचं का? नसेल तर कसं? आणि आपल्याकडचा कोणी तेव्हा तिथे पोहोचला असता तर?"

मी फिलाडेल्फियात २२ वर्षं इमिग्रेशनची वकिली करतो. नागरिकत्वाचे अर्ज भरणं हे माझं रोजचं काम. या शहरातच अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी हजारो जर्मन शेतकऱ्यांनी कोर्टात उभं राहून शपथ घेतली होती. त्यांच्या नावांच्या याद्या वाचण्याचा नाद मला लागला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उतरायला कोणी अडवत नसे, हे खरं. अडचण उतरल्यानंतर सुरू होई. तेव्हा कायद्याच्या लेखी 'नागरिक' नव्हता, राजाची 'प्रजा' होती, आणि प्रजा जन्माने ठरे. १६०८ साली लंडनमध्ये एका तान्ह्या मुलाच्या नावाने खटला चालला. रॉबर्ट कॅल्विन हा मुलगा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, जमीन मात्र इंग्लंडमध्ये. स्कॉटलंडचा राजा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्याही गादीवर बसला होता. मूल त्यानंतर जन्मलं, म्हणून ते इंग्लंडमध्ये परकं नाही, असा निकाल लागला. न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी त्यात जे तत्त्व मांडलं ते पुढे सगळा वसाहतकाळ टिकलं: माणूस ज्या राजाच्या छत्राखाली जन्मतो, त्याच्याशी त्याची निष्ठा निसर्गतःच जोडलेली असते आणि ती मरेपर्यंत तुटत नाही. आता जर्मनीतल्या हाइडलबर्गजवळच्या खेड्यात जन्मलेला शेतकरी पेनसिल्व्हेनियात येऊन तीस वर्षं नांगर धरून राहिला तरी या तत्त्वाने तो परकाच. त्याला परका ठेवायचं की आपला करायचा, हे ठरवणारी तरतूद माणसाने बनवलेल्या कायद्यातच शोधावी लागे.

परका राहिल्याने काय बिघडे? सगळ्यात आधी जमीन. परक्याने जमीन विकत घेतली तर व्यवहार होई, खरेदीखतही होई, पण ती मालकी राजाच्या मर्जीवर. राजाने दावा लावला तर जमीन सरकारजमा. परक्याला वारसाने जमीन मिळत नसे आणि आपली जमीन वारसांना देताही येत नसे. ज्याने आयुष्यभर जंगल तोडून शेत काढलं, त्याच्या डोळ्यांसमोर ही भीती कायम असणार. सातबाऱ्यावरच्या नावासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसरी गोष्ट व्यापार. १६६० च्या नौकानयन कायद्याने वसाहतींमध्ये परक्याला व्यापारी किंवा अडत्या म्हणून काम करायला बंदी घातली. पकडला गेला तर माल जप्त. तिसरी गोष्ट मत आणि अधिकारपद, पण त्याबद्दल पुढे.

यातून सुटायला लंडनमध्ये दोन वाटा होत्या. एक, पार्लमेंटकडून स्वतःच्या नावाचा खाजगी कायदा करून घ्यायचा. याला नॅचरलायझेशन म्हणत. माणूस जणू इंग्लंडमध्येच जन्मला होता असं कायद्याने मानायचं. दुसरी, राजाकडून सनद मिळवून 'डेनिझन' व्हायचं. डेनिझनला जमीन घेता येई, पण तो अर्ध्यावरचा माणूस. सनदेआधी जन्मलेल्या मुलांना त्याची जमीन वारसाने मिळत नसे. दोन्ही वाटा खर्चाच्या, त्यातही पहिली. समुद्रापलीकडे राहणाऱ्या सुताराला किंवा विणकराला यातलं काहीच परवडणारं नव्हतं.

म्हणून वसाहतींनी आपापली सोय केली. जमीन अफाट, माणसं थोडी. जो येईल त्याला ठेवून घ्यायचं तर त्याला जमिनीची हमी द्यायलाच हवी. मेरीलँडचं उदाहरण मला फार आवडतं. ऑगस्टीन हर्मन हा प्रागकडचा माणूस, व्यापारी आणि नकाशे काढण्यात तरबेज. त्याने मेरीलँडच्या मालकाला, म्हणजे लॉर्ड बाल्टिमोरला सांगितलं की मी तुमच्या प्रांताचा नकाशा काढून देतो, मला जमीन द्या. जमीन मिळाली, तिचं नाव त्याने आपल्या मायदेशावरून 'बोहेमिया मॅनर' ठेवलं, आणि १६६६ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने त्याला व त्याच्या मुलांना कायदा करून आपलं मानलं. त्याचा नकाशा १६७३ मध्ये लंडनला छापला गेला. व्हर्जिनियाने १६७१ मध्ये सर्वसाधारण कायदा केला. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याने १६८२ मध्ये, आल्या आल्याच, आधीपासून राहणाऱ्या स्वीडिश, फिन आणि डच लोकांना सामावून घेतलं. दक्षिण कॅरोलिनात फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगेनो प्रॉटेस्टंटांच्या मतावरून आणि वारसाहक्कावरून भांडणं झाली आणि १६९७ मध्ये त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. पण या सगळ्यात एक मोठी खोट होती. एका वसाहतीने दिलेला दर्जा त्या वसाहतीच्या हद्दीपुरताच. मेरीलँडने आपला मानलेला माणूस शेजारच्या व्हर्जिनियात परका, आणि जहाजावर माल चढवला की इंग्लिश कस्टमच्या नजरेतही परकाच.

इथे जरा मागे जाऊन न्यू ॲमस्टरडॅमची, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कची गोष्ट सांगायला हवी. तेव्हा ते डचांकडे होतं. १६५४ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधल्या रेसिफेहून २३ ज्यू तिथे आले. पोर्तुगिजांनी रेसिफे परत जिंकून घेतल्यामुळे त्यांना निघावं लागलं होतं. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटला ते नको होते. पण ही वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीने १६५५ मध्ये त्यांना राहू द्या असं कळवलं. स्टायव्हेसंटच्या कौन्सिलने मग दुसरी मेख मारली: ज्यूंनी शहराच्या पहाऱ्याला उभं राहायचं नाही, त्याऐवजी दरमहा कर भरायचा. आसेर लेव्ही आणि जेकब बार्सिम्सन या दोघांनी अर्ज केला की आम्ही हातावर पोट असणारी माणसं, आम्हाला पहाऱ्याला उभं राहू द्या, नाहीतर करातून सोडा. उत्तर आलं की परवडत नसेल तर हवं तिथे निघून जा. लेव्ही गेला नाही. पुढे तो पहाऱ्याला उभा राहू लागला. १६५७ मध्ये शहराने 'बर्गर' हक्क, म्हणजे शहरात धंदा करण्याचा आणि शहराचा माणूस म्हणवण्याचा हक्क, पैसे भरून द्यायला सुरुवात केली, तेव्हा लेव्हीने अर्ज टाकला. त्याचा मुद्दा साधा होता: इतर बर्गर पहारा देतात तसा मीही देतो, आणि हॉलंडच्या ॲमस्टरडॅममध्ये मी बर्गर होतो, हा पाहा दाखला. शहराच्या अधिकाऱ्यांनी नाकारलं. दहाच दिवसांत, ज्यू समाजातल्या चार प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या विनंतीवरून, स्टायव्हेसंटच्याच कौन्सिलने ज्यूंना हा हक्क देण्याचा हुकूम काढला. लेव्ही पुढे खाटकाचा परवाना घेऊन राहिला, आणि डुक्कर कापण्यापासून त्याला सूट मिळाली. माझ्याकडे येणाऱ्या अशिलांना मी ही गोष्ट पुष्कळदा सांगतो. आधी कर्तव्य मागून घ्यायचं आणि मग त्याच्या जोरावर हक्क मागायचा, ही त्याची रीत वकील म्हणून मला अजोड वाटते. १६६४ मध्ये इंग्रजांनी हे शहर घेतलं तेव्हा तहाच्या कलमांत तिथल्या सगळ्या रहिवाशांना 'फ्री डेनिझन' म्हणून घरंदारं, जमिनी राखता येतील असं लिहून दिलं गेलं.

१७०९ मध्ये खुद्द ब्रिटनने एक प्रयोग केला. परदेशी प्रॉटेस्टंटांनी शपथ घ्यावी, प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेतल्याचा दाखला द्यावा, आणि नाममात्र खर्चात प्रजा व्हावं. त्याच वर्षी ऱ्हाइनकाठच्या पॅलेटिनेट भागातून हजारो गरीब जर्मन लंडनला येऊन थडकले, लोकांत ओरड झाली आणि थोड्याच वर्षांत कायदा रद्द झाला. त्यातले सुमारे तीन हजार जण १७१० मध्ये आरमारासाठी डांबर काढायला न्यूयॉर्कला पाठवले गेले.

पेनसिल्व्हेनियात जर्मन इतके येऊ लागले की १७२७ पासून प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने प्रवाशांची यादी द्यायची आणि प्रौढ पुरुषांनी राजनिष्ठेचं जाहीरपत्र सही करून द्यायचं, असा नियम झाला. पहिली यादी त्या सप्टेंबरातली, रॉटरडॅमहून आलेल्या 'विल्यम अँड सेरा' जहाजाची. पुष्कळांचा इथे गोंधळ होतो. आपल्या पूर्वजाचं नाव या यादीत सापडलं की तो त्या दिवशी नागरिक झाला असं लोक समजतात. तसं नाही. ती फक्त निष्ठेची कबुली होती. सही करून माणूस बंदरावर उतरला तो परका म्हणूनच.

खरा बदल १७४० च्या कायद्याने झाला. ब्रिटिश पार्लमेंटने तो खास अमेरिकेतल्या वसाहतींसाठी केला आणि १ जून १७४० पासून लागू केला. अटी अशा: कुठल्याही ब्रिटिश अमेरिकन वसाहतीत सलग सात वर्षं वास्तव्य, मध्ये एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी नाही; भर कोर्टात न्यायाधीशासमोर शपथ; त्याआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या प्रॉटेस्टंट मंडळीत प्रभुभोजन घेतल्याचा दोन साक्षीदारांच्या सहीचा दाखला; आणि फी दोन शिलिंग. हे सगळं केलं की तो माणूस एकाच नव्हे तर सगळ्या वसाहतींत आणि ब्रिटनमध्येही राजाचा जन्मजात प्रजाजन मानला जाई. वसाहतीच्या सचिवाने दरवर्षी नावांची यादी लंडनला पाठवायची. याच याद्यांमुळे आपल्याला आज ही नावं ठाऊक आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य नावं पेनसिल्व्हेनियाची आहेत.

या कायद्याकडे वकिलाच्या नजरेने पाहिलं की जाणवतं, तो किती व्यवहारी होता. कुणाची मेहेरबानी लागत नाही, ओळख लागत नाही. अटी पुऱ्या केल्या की न्यायाधीशाने शपथ द्यायची. जन्माने ठरणारी गोष्ट आता राहण्याने आणि बोलण्याने ठरू लागली. कोक यांच्या तत्त्वाला पडलेलं हे पहिलं मोठं भगदाड, असं माझं मत आहे. वास्तव्य मोजताना तो माणूस मालक होता की वेठीला बांधलेला, हे कायद्याने विचारलं नाही. हे महत्त्वाचं होतं, कारण कित्येक जर्मन जहाजाचं भाडं फेडण्यासाठी उतरल्याबरोबर काही वर्षांच्या चाकरीला विकले जात.

क्वेकर या प्रॉटेस्टंट पंथाचा शपथेलाच विरोध. त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा मिळाली आणि प्रभुभोजनाच्या दाखल्यातून सूट. ज्यूंनाही दाखला माफ, आणि शपथेतले 'ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेने' हे शब्द गाळण्याची परवानगी. १७४७ मध्ये मोरेव्हियन पंथाला आणि शपथ न घेणाऱ्या इतर प्रॉटेस्टंटांना सवलत मिळाली. रोमन कॅथलिकांना मात्र ही वाट बंदच राहिली, कारण प्रॉटेस्टंट मंडळीत प्रभुभोजन घेणं म्हणजे त्यांच्यासाठी धर्मच सोडणं. ब्रिटनमध्ये ज्यूंसाठी असाच कायदा १७५३ मध्ये झाला आणि लोकांच्या रागापुढे त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. जो हक्क जमैकात किंवा न्यूयॉर्कमध्ये दोन शिलिंगांत मिळे, तो लंडनमध्ये मिळत नव्हता. कारण उघड आहे. वसाहतींना व्यापारी आणि कष्टकरी हवे होते, लंडनला तशी गरज वाटत नव्हती.

कायदा एक आणि कोर्ट दुसरंच, हा अनुभव तेव्हाही होताच. ॲरन लोपेझ हा पोर्तुगालमधला ज्यू. तिथे त्याचं कुटुंब वरकरणी कॅथलिक म्हणून जगत होतं. १७५२ मध्ये तो ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला आला, उघडपणे ज्यू झाला आणि व्हेलच्या चरबीच्या मेणबत्त्यांच्या व जहाजांच्या व्यापारात मोठा झाला. (गुलामांच्या व्यापारातही त्याचं भांडवल होतं, हे लपवून त्याची गोष्ट सांगणं बरोबर होणार नाही.) सात वर्षं उलटल्यावर त्याने आणि आयझॅक एलिझर याने १७६१ मध्ये अर्ज केला. १७४० च्या कायद्यात ज्यूंसाठी स्वतंत्र तरतूद असताना यात वादाला जागाच नव्हती. तरी तो अर्ज कोर्टातून विधिमंडळाकडे आणि तिथून पुन्हा कोर्टाकडे फिरला. मार्च १७६२ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. कारणं दोन: कायद्याचा हेतू लोकसंख्या वाढवण्याचा आहे आणि ही वसाहत तर भरली आहे, दुसरं, वसाहतीचा स्वतःचा कायदा ख्रिस्ती नसलेल्यांना पूर्ण हक्क देत नाही. धर्मस्वातंत्र्यासाठीच स्थापन झालेल्या वसाहतीत हे घडलं. न्यूपोर्टचे पाद्री एझ्रा स्टाइल्स यांनी हे सगळं व्यथित होऊन नोंदवून ठेवलं आहे.

लोपेझने अपील केलं नाही. तो हद्द ओलांडून मॅसॅच्युसेट्समधल्या स्वान्सी गावी राहायला गेला आणि १५ ऑक्टोबर १७६२ रोजी टॉन्टनच्या कोर्टात त्याने शपथ घेतली. ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द तिथे गाळले गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये असा हक्क मिळालेला तो पहिला ज्यू. १७४० चा कायदा सगळ्या वसाहतींना लागू असल्याने आता ऱ्होड आयलंडलाही त्याला परका म्हणता येईना. तो न्यूपोर्टला परतला.

आता मत. प्रजाजन झालं म्हणजे मत मिळालं, असं नव्हतं. मताला मालमत्ता लागे. पेनसिल्व्हेनियात ५० एकर जमीन, त्यातली १२ एकर साफ केलेली, किंवा ५० पौंडांची मालमत्ता, आणि दोन वर्षं वास्तव्य. पण जमीनवाल्या जर्मन शेतकऱ्यांकडे हे सगळं असे, फक्त शपथ राहिलेली असे. त्यामुळे निवडणुकीची हवा तापली की दोन्ही पक्ष त्यांना कोर्टात न्यायला धावत. १७६४ च्या निवडणुकीत बेंजामिन फ्रँकलिन विधिमंडळाची जागा हरला, त्याचं एक कारण त्याचंच जुनं लेखन: १७५१ मध्ये त्याने पॅलेटाइन जर्मनांना गावंढळ म्हणून हिणवलं होतं, आणि विरोधकांनी ते जर्मन मतदारांपुढे नेमकं मांडलं. न्यूयॉर्कमध्ये उलटं चित्र: १७३७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ज्यूंना मत देता येणार नाही असा ठराव केला. जमीन, व्यापार, मत, पद हे सगळे सुटे सुटे हक्क होते आणि एकेकाला ते वेगवेगळ्या वेळी मिळत. परकीय जन्माच्या प्रजाजनांना वसाहतींत अधिकारपद घेता येईल, हे तर पार्लमेंटने १७७३ मध्ये स्पष्ट केलं. शपथेच्या याद्यांत बायकांची नावं फार थोडी दिसतात. लग्न झालेल्या बाईची जमीन तशीही नवऱ्याच्या ताब्यात जाई.

त्याच १७७३ च्या नोव्हेंबरात लंडनने गव्हर्नरांना हुकूम सोडला की वसाहतींनी केलेल्या नॅचरलायझेशनच्या कायद्यांना इथून पुढे संमती द्यायची नाही. वसाहतींना हे फार झोंबलं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींत ही तक्रारही आहे: परदेशीयांना सामावून घेणाऱ्या कायद्यांत राजाने अडथळे आणले.

या सगळ्या उदारपणाला एक भिंत होती. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना यातलं काहीच लागू नव्हतं. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच ठरवलं की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल, म्हणजे गुलाम बाईचं मूल गुलाम, बाप कोणीही असो. तिथेच जन्मलेलं ते मूल कोक यांच्या तत्त्वाने राजाची जन्मजात प्रजा ठरायला हवं होतं. कोर्टांनी त्या दिशेने पाहिलंच नाही. स्वतंत्र अमेरिकेने १७९० मध्ये पहिला नागरिकत्व कायदा केला तेव्हा ही भिंत शब्दांत आली: दोन वर्षं वास्तव्य केलेला 'मुक्त गोरा माणूस'. धर्माची अट गेली, रंगाची लिहिली गेली.

प्रश्नाचा शेवटचा भाग इथेच येतो. त्या तीन शब्दांशी आपल्या लोकांची गाठ पुढे शंभरेक वर्षांनी पडली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या कोर्टाने 'गोरे' मानून नागरिकत्व दिलं आणि १९१० मध्ये ते अपिलातही टिकलं. १९२३ मध्ये मात्र सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस या शब्दांत बसत नाही असं ठरवलं, आणि आधी मिळालेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांच्यावरही खटला भरला, पण ते आपला खटला जिंकले. भारतीयांना वाट मोकळी झाली ती १९४६ मध्ये.

आणि थेट वसाहतकाळात? कागदावर एक गंमत आढळते. १६६८ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. त्या सनदेत मुंबईत राहणारे राजाचे प्रजाजन आणि तिथे जन्मणारी त्यांची मुलं इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखीच मानली जातील, असं वचन आहे. व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेतही जवळजवळ हीच भाषा आहे. म्हणजे नुसत्या कागदावर पाहिलं तर मुंबईत जन्मलेल्या अशा माणसाला व्हर्जिनियात शपथेचीही गरज पडू नये. पण भारतातून तिकडे पोहोचले ते बहुतेक नोकर आणि गुलाम म्हणून, इंग्लिश मालकांच्या सामानाबरोबर, आणि कुठलीही सनद हातात घेऊन कोर्टात उभं राहण्याची त्यांची परिस्थिती नव्हती. त्यातला सगळ्यात जुना उल्लेख १६३५ चा आहे. व्हर्जिनियात जो कोणी माणसं आणेल त्याला माणशी ५० एकर जमीन मिळे. जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराने आणलेल्या माणसांच्या यादीत एक नाव आहे: 'टोनी, ईस्ट इंडियन'. त्याचं घरचं नाव काय, गाव कुठलं, हे त्यात नाही. त्याच्या नावावर मिळालेली ५० एकर जमीन मेनिफीकडे गेली.